‘अगं, सुटलीस की!’



पत्रिकेत विषय छापलाय ‘भावबंध आणि किशोरींची देहप्रतिमा’. घाबरू नका. मला एकच सांगायचंय, ते आधीच सांगतो: मुलीच्या अंगावरून घरात शेरे मारणं बंद करा. पुढचा तासभर मी या वाक्याची वकिली करणार आहे.

भावबंध म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातलं जिव्हाळ्याचं नातं. त्याचे अभ्यासक बोल्बी, एन्सवर्थ तुम्हाला ठाऊकच आहेत. आई खोलीबाहेर जाऊन परत आली की वर्षाचं मूल काय करतं, हे एन्सवर्थबाईंनी बाल्टिमोरमध्ये पाहिलं. कुणी लगेच निवतं, कुणी चिकटूनही निवत नाही, कुणी आईकडे बघतच नाही. ‘मी यांना हवी आहे ना?’ अशी धाकधूक किशोरवयातही ज्या मुलीला सतत असते, ती स्वतःच्या शरीरावरही जास्त नाराज असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यातलं कारण कुठलं नि परिणाम कुठला, हा वाद आज नको.

तुम्ही म्हणाल, दोष मोबाइलचा. (मागून : ‘बरोबर!’) बरोबर म्हणणाऱ्यांनी आधी हातातला खाली ठेवा. (हशा) आणि फिजीला चला. अ‍ॅन बेकर या मनोविकारतज्ज्ञ बाई तिथल्या नाद्रोंगा भागात काम करत होत्या. तिथं भरलेलं अंग ही घराची अब्रू. पोरगी वाळली, की घरचे हिला सांभाळत नाहीत असं गाव म्हणणार. १९९५ साली तिथं टीव्ही नुकताच आला होता. वजन उतरवायला मुद्दाम ओकणारी एकही मुलगी तेव्हाच्या पाहणीत नव्हती. १९९८ च्या पाहणीत त्या ११.३ टक्के निघाल्या.

संयोजक हसताहेत. वक्त्यानं आपल्याच पायावर धोंडा मारला! नाही हो, पडद्याला मी निर्दोष सोडत नाही. पण मुली काय सांगत होत्या? मालिकेतल्या बायकांसारखं बारीक झालं की नोकरी मिळेल. आईवडील जुन्या वळणाचे, त्यांना हे कळत नाही. पडदा आत शिरला तो मुली आणि आईवडील यांच्यातल्या या फटीतून, असं मला वाटतं.

आपल्याकडे ती फट आपणच पाडतो. मांडवात मावशी म्हणते, ‘अगं, सुटलीस की!’ आत्या म्हणते, ‘उन्हात हिंडू नकोस, काळवंडलीस.’ आणि त्याच पंगतीत आजी, ‘किती वाळलीस गं!’ (हशा) १९७५ साली आलेल्या गोरेपणाच्या क्रीमनं २०२० मध्ये नाव बदललं, आत्या बदलली नाही. तुम्ही हसताय, चौदा वर्षांची ती पोर ताटातली जिलबी बाजूला सारत असते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे वडिलांवरचा भाग गेला, कितीतरी जणांचा जीव भांड्यात पडला असेल! इतकंच सांगतो : मुलगी वयात आली की बाप जवळ घेणं थांबवतो, ‘ढोली’ म्हणणं मात्र थांबवत नाही.

पुढच्या रांगेतल्या ताई विचारताहेत, वजन खरंच जास्त असेल तर? डॉक्टरांना दाखवा. सगळ्या घराचा स्वयंपाक बदला, तिच्या एकटीची पोळी कमी करू नका. आणि जेवण टाळते, जेवली की लगेच न्हाणीघरात जाते, पाळी थांबलीय, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर लावू नका. घंटा झाली. उरलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे द्या, खाली चहाच्या टेबलापाशी बोलू.