हप्ता आणि प्रकृती

कर्ज अंगावर आले की घरात पहिली काटछाट होते ती औषधांत. घराचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, शाळा फीसाठी चिठ्ठी पाठवते, वाणी उधारीची आठवण करतो. रक्तदाबाची गोळी चुकली तर मात्र दारात कोणी येत नाही. म्हणून महिन्याच्या गोळ्या दिवसाआड घेऊन दोन महिने पुरवल्या जातात आणि साखरेची तपासणी पुढच्या पगारावर जाते.

मुंबईत घर परवडेना म्हणून हजारो कुटुंबे नालासोपारा-विरारला आली. बहुतेकांची घरे कर्जाची, दर बदलता. असे दर ज्याच्या मागे चालतात तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. २० वर्षांच्या २० लाखांच्या कर्जाला ७ टक्क्यांनी सुमारे १५,५०० रुपये हप्ता बसतो, साडेनऊ टक्क्यांनी १८,६०० च्या वर. कर्ज नवे असताना हप्ता तोच ठेवला, तर त्यातून व्याजही फिटत नाही. मग जादा पाळी, पहाटेची लोकल, चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर उभ्याने प्रवास, आणि झोप पाच तासांवर.

सततच्या काळजीने शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते. रक्तदाब आणि साखर चढते, झोप उडते, छातीत धडधडते. त्यात गोळी दिवसाआड. दुखणे बळावून रुग्णालय गाठावे लागले, की दागिने गहाण पडतात, हातउसने घेतले जातात आणि कर्जावर कर्ज चढते.

नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. इमारत पाडली तरी कर्जाचा करार उरतोच. घरभाडे आणि हप्ता एकाच पगारातून भागवण्याचा तो ताण फार क्रूर आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी रुग्णालयाचा खर्च भागतो, रोजची गोळी त्यात येत नाही. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळू शकते, आणि तीच आधी चालू ठेवायला हवी. हप्ता थकण्याआधी बँकेकडे मुदतवाढ मागता येते. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये मनाई केली. मन खचले तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते; फोन विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो.