इंटरनेटवरचा टेलिफोन आणि हिरवा ठिपका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी एका भगिनीने उपयुक्त विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला, आणि इंटरनेटवरून बोलणे कसे होते व ते कोणी घडवले, हा विषयही चिटणीसबाईंनी नेमून दिला. मी इंजिनीयर नव्हे. शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकवले, तेवढ्या शिदोरीवर आपल्यापुढे उभी आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी बहुतेकींचे कोणी ना कोणी परगावी किंवा परदेशी आहे. माझी मुलगी १९९८ साली अमेरिकेस गेली. तेव्हा आम्ही नाक्यावरच्या पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये जात असू. मी रिसीव्हर धरायची आणि हे समोरच्या मीटरचे लाल आकडे बघत उभे राहायचे. "ऐकू येतंय का?" एवढे विचारण्यातच पैसे धावत. आता तीच मुलगी तासभर बोलते, पोळ्या लाटताना समोर दिसते, आणि दर मिनिटाचे म्हणून काही पडत नाही. हे झाले कसे?

जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसांसाठी एक वाट राखून ठेवावी लागे. दोघे गप्प बसले तरी वाट अडलेलीच, म्हणून पैसे. इंटरनेटवर तसे नाही. तेथे आवाजाचे बारीक तुकडे करतात, साधारणपणे एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक व वेळ घालून त्याला इतर हजारो लोकांच्या टपालाबरोबर त्याच रस्त्यावर सोडून देतात. पलीकडचे यंत्र ते तुकडे क्रमाने लावते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

ऐकायला सोपे, पण यात एक मेख आहे. पत्र दोन दिवस उशिरा आले तरी वाचता येते. आवाजाचा तुकडा उशिरा आला तर व्यर्थ. पंगत उठून मंडळी हात धुवायला गेल्यावर आमटी आली तर ती कोणाला वाढायची? म्हणून यंत्र उशिरा आलेला तुकडा टाकून देते. बोलताना एखादे अक्षर मध्येच गळते ते यामुळे. मागे पडलेल्यांसाठी यंत्र किंचित थांबते, पण फार थांबले तर दोघी एकाच वेळी बोलू लागतात. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्शात पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा दंडक आहे.

ही मेख प्रथम सोडवली ती १९७४ साली. डॅनी कोहेन हे मूळचे इस्रायलमधील हैफा गावचे. ते कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या संस्थेत काम करीत. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी जिवंत संभाषण करून दाखवले. साध्या टेलिफोनचा आवाज तसाच पाठवायचा तर सेकंदाला ६४ हजार अंश लागतात, आणि त्या जाळ्याच्या तारा ५० हजारांच्या आसपासच्या. म्हणजे आवाज पिळून लहान करणे भाग होते. डिसेंबर १९७४ मध्ये दुसऱ्या दोन ठिकाणांमधील प्रयोगात तो अवघ्या साडेतीन हजारांत बसवला गेला. घागरभर दूध आटवून वाटीभर खवा करावा, तसा हा प्रकार!

पुढे १९९५ साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्याची सोय विकायला आणली. १९९६ मध्ये हेनिंग शुल्झरिन, स्टीफन कॅसनर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी तुकड्यांवर क्रमांक व वेळ घालण्याची रीत नियमबद्ध केली. कॅसनर हे कोहेन यांच्याच संस्थेत आवाजाच्या कामावर तयार झालेले. मार्च १९९९ मध्ये सिप नावाचे नियम आले. ते लिहिणाऱ्या चौघांत ईव्ह स्कूलर ही एक महिला होती. हे नियम म्हणजे बोलणे सुरू करण्याचे व संपवण्याचे शिष्टाचारच. प्रथम आमंत्रण जाते. पलीकडून 'घंटी वाजते आहे', 'सध्या गुंतलेली आहे' किंवा 'घेऊ इच्छित नाही' असे उत्तर येते, आणि शेवटी निरोप. तज्ज्ञांनी हे सारे नियम छापून जगाला फुकट दिले, ही त्यांची थोरवी. आपल्या देशात इंटरनेटवरील टेलिफोनला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. त्यानंतर स्काइप आपल्या घरोघरी आले. ते २००३ साली निघाले आणि मे २०२५ मध्ये बंदही झाले, पण बोलण्याची रीत राहिली.

आणखी एका बाईंचे नाव आज घेतलेच पाहिजे. मेरियन क्रोक या कृष्णवर्णीय अमेरिकन विदुषी १९८२ मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तारांवर पोसलेल्या बलाढ्य टेलिफोन कंपनीने आवाज इंटरनेटच्या रीतीने न्यावा, यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्याच आत राहून प्रयत्न केले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक पेटंटे आहेत. संकटग्रस्तांना मोबाइलच्या संदेशाने देणगी पाठवण्याची युक्तीही त्यांचीच. २०२२ साली अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानयादीत त्यांचे नाव लागले.

येथवर आवाजाची कथा झाली. आता हिरव्या ठिपक्याची. फोनवर नावाशेजारी जो ठिपका दिसतो, किंवा 'ऑनलाइन' आणि 'शेवटचे अमुक वाजता पाहिले' असे जे येते, त्याची ही गोष्ट. वाड्यात आपण दाराबाहेरची चप्पल बघून ओळखत होतो की सुमतीवहिनी घरात आहेत. हा ठिपका म्हणजे तीच चप्पल. त्याची हौसही जुनी आहे. १९७१ साली स्टॅनफर्डच्या एका प्रयोगशाळेत कोण संगणकावर आहे याची यादी पडद्यावर येई, आणि लोक त्या यादीवरून बोट फिरवून आपले माणूस शोधत. ते पाहून लेस अर्नेस्ट यांनी माणूस कधी हजर होते ते नीट सांगणारी सोय केली आणि तिचे नावच 'फिंगर', म्हणजे बोट, असे ठेवले. बाहेर जाताना आपला बेत लिहून ठेवण्याची जागाही त्यात होती. १९९६ मध्ये तेल अवीवच्या तरुणांनी काढलेल्या आयसीक्यूने ही सोय घरोघरच्या संगणकांवर नेली.

पण मला कौतुक वाटले ते पुढच्या गोष्टीचे. २००० साली या विषयाचे नियम ठरवताना तज्ज्ञांनी, ज्याची उपस्थिती पाहायची तो माणूस आणि ती पाहणारा, अशी दोघांची वेगळी नावे ठेवली. आपली उपस्थिती कोणाला दिसावी हे ज्याची त्यानेच ठरवायचे, असे तत्त्व घालून दिले. २००७ मध्ये जोनाथन रोझेनबर्ग यांनी लिहिलेल्या नियमांत तर 'सभ्य नकार' असा प्रकार आहे. पाहणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचे नाही, त्याला फक्त 'सध्या नाही' असे दिसते. आपण आतून मुलाला सांगतो ना, "आई घरात नाही म्हणून सांग", अगदी तेच!

हे मला आधी ठाऊक असते तर माझ्या हातून एक चूक झाली नसती. ती आज आपल्यापुढे कबूल करते. दोन वर्षांपूर्वी मुलीचा फोन येणे कमी झाले. मी दिवसातून दहादा तिचा ठिपका पाहू लागले. एकदा आपल्याकडे दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अडीच, आणि ती ऑनलाइन. मी फोन केला, तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला फाडफाड बोलले, "जागी होतीस, मग आईशीच बोलायला वेळ नाही का?" ती काही बोलली नाही. त्या रात्रीपासून तिचा ठिपका दिसेनासा झाला. माझ्या तोंडावर कोणी दार लावावे, तसे मला वाटले.

चार महिन्यांनी ती घरी आली तेव्हा कळले. जावयांची नोकरी गेली होती. दोघे रात्ररात्र बसून जागोजागी अर्ज पाठवीत होते. "आई, तुझा आवाज ऐकला असता तर मला रडू आले असते, आणि तू रात्रभर जागली असतीस," ती म्हणाली. भगिनींनो, ठिपका खरे सांगत होता, ती जागी होती. पण ती कशासाठी जागी होती, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मी ते विचारले नव्हते.

माझे तर आईचे प्रेम होते. पण कित्येक घरांत हाच ठिपका सुनांवर, लेकींवर पहारा ठेवायला वापरतात. "रात्री अकराला कोणाशी बोलत होतीस?" असे विचारून डोळ्यांत पाणी आणलेल्या मुली आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. ठिपका एवढेच सांगतो की फोन चालू आहे. कोणाशी बोलणे चालले आहे, हे तो सांगत नाही. मुलगी परीक्षेच्या टिपणांसाठी मैत्रिणीला विचारत असेल, सून माहेरच्या आजारी आईची चौकशी करत असेल.

म्हणून दोन गोष्टी नम्रपणे सुचवते. ठिपका कोणाला दिसावा हे ठरवण्याची सोय आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये असते, ती प्रत्येकीने शिकून घ्यावी. येत नसेल त्यांनी सभेनंतर माझ्याकडे यावे, मी दाखवीन. आणि आपल्या सुनेने किंवा लेकीने ती सोय वापरली तर राग मानू नये. माझी मुलगी आणि मी आता आधी "बोलायला मोकळी आहेस का?" एवढा संदेश पाठवतो. उत्तर आले तर बोलतो, नाही आले तर थांबतो. ठिपका तिने पुन्हा सुरू केलेला नाही, आणि मीही तसे सांगितलेले नाही. पण फोन मात्र पूर्वीपेक्षा जास्त येतात.

समुद्रापलीकडचा आवाज तज्ज्ञांनी आपल्या स्वयंपाकघरात आणून दिला. दारावर टकटक करूनच आत जावे, ही रीतही त्यांनी नियमांत लिहून ठेवली. ती पाळणे आपल्या हाती आहे.