बाळंतिणीचे ताट



आज आम्ही बाळंतिणीच्या जेवणाविषयी बोलणार आहोत. हा बायकांचा विषय म्हणून पुरुषांनी उठून जाऊ नये. घरात काय आणायचे हे पुष्कळदा त्यांच्याच हाती असते.

बाळ पहिले सहा महिने फक्त आईच्या दुधावर वाढते. त्याला वरचे पाणीही लागत नाही. आईला रोज सुमारे पाऊण लिटर दूध येते. ते कशातून? तिच्या अन्नातून आणि अंगातून. म्हणून रोजच्या जेवणाशिवाय तिला दोन भाकरी आणि वाटीभर वरण जास्त हवे. गाय व्याली की आपण तिला पेंड घालतो. तिच्या पुढची वैरण कोणी काढून घेत नाही. मग सुनेच्या ताटातले का काढावे?

आपल्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ चांगले घालून दिले आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, सव्वा महिन्याची विश्रांती. हे सोडू नका. अळिवात रक्ताला लागणारे लोह असते. तूप-गुळाने ताकद येते.

पण याच्या जोडीला भीतीही आली आहे. "डाळ खाऊ नको, बाळाला वात होईल." "पाणी कमी पी, पोट सुटेल." "पालेभाजी नको, बाळाला हिरवी शी होईल." मग बाई नुसत्या तूप-भातावर दिवस काढते. पण ऐका. दूध रक्तापासून तयार होते. आईच्या आतड्यातला वात आतड्यातच राहतो, तो दुधात उतरत नाही. पाणी तोडले तर तिला शोष पडतो, शौचाला कडक होते. डाळ, पालेभाजी, नाचणी, फळ हे सारे तिला चालते. तहान लागेल तेवढे पाणी द्या.

आता मनाचे बोलू. मुलगा झाला की लाडवांचा डबा भरतो. मुलगी झाली की घर गप्प होते. कोणी काही बोलत नाही, पण बाळंतिणीला सगळं कळतं. तिच्या घशाखाली घास उतरत नाही. मुलीला काय दूध कमी लागते? आणि मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. आईला बोल कशाला?

चिंतेने, रडण्याने पान्हा लवकर सुटत नाही. घरचे म्हणतात, "हिचं दूध आटलं," आणि वरचे दूध पाजू लागतात. बाळ कमी ओढते, मग दूध खरोखरच कमी होते. अशा वेळी तिला धीर द्या, बाळाला पुनःपुन्हा पाजू द्या. ती दोन आठवड्यांहून जास्त उदास राहिली, जेवण तुटले, तर "नखरे करते" म्हणू नका. तिला दवाखान्यात न्या.

अंगणवाडीची योजना 1975 साली सुरू झाली. तिथे अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आहार मिळतो. तो आईचा आहे. घरभर वाटून टाकू नका.

बाळंतिणीने सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खायचे, ही रीत मोडा. तिचे ताट आधी वाढा. सासूबाईंनी जवळ बसून विचारावे, "पोरी, तुला काय खावंसं वाटतं?" याला पैसा लागत नाही. पण त्या एका शब्दाने दोन घास जास्त जातात, आणि ते बाळाच्या अंगी लागतात.