सफाळ्याच्या खाडीत जायचंय? आधी तिथी बघा

बॉटनी-झूलॉजीची पोरं खारफुटी बघायला सफाळ्याला उतरतात, त्या फील्ड ट्रिपबद्दल आज बोलूया. विरारनंतर वैतरणा, मग सफाळे. मधे गाडी वैतरणेच्या खाडीवरच्या पुलांवरून जाते. तेव्हा दोन मिनिटं रील बंद करा आणि खिडकीबाहेर बघा. काठाला जे हिरवं दिसतं ना, तेच.

आता कॉलेजची नोटीस काय म्हणते? 'सकाळी दहाला स्टेशनवर जमणे.' नेमकी त्या दिवशी पौर्णिमा असली, तर तुम्ही खाडीवर पोचेपर्यंत भरती पूर्ण भरलेली. तिवरांचे नुसते शेंडे पाण्यावर! ग्रुप फोटो, वडापाव, घरी.

किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला ओहोटी. खाडीत आत गेलात की थोडी उशिरा. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे ओहोटी बाराला. कॉलेजला सोयीचं! पण अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर खालीवर होतं, तेव्हाच खरा चिखल उघडा पडतो. म्हणून द्वितीया किंवा तृतीया गाठा, शुक्ल असो की कृष्ण. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. नंतर भरतीच्या ॲपवर ताडून बघा. आणि हो, पहाटेची डहाणू लोकल पकडावी लागेल.

उतरल्यावर आधी काठावर गप्प उभे राहा. पाच मिनिटांत चिखल हलायला लागतो. निवट्या बाहेर येतात. मासाच, पण ओल्या कातडीतून हवा घेतो आणि कल्ल्याजवळच्या परांवर सरपटतो. इथल्या घरांत निवट्यांचं कालवण होतं, त्यामुळे ती कुठे सापडते हे तुमच्या सरांपेक्षा गावातल्या मावशीला जास्त माहीत असतं. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल; झाड जादाचं मीठ पानातून बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखं दिसतं, ती त्याची श्वास घ्यायची मुळं. त्यांच्यावर पाय देऊ नका. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लटकत राहतं.

हे सगळं नोंदवायचं कशाला, तर ऐका. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली, सार्वजनिक हिताच्या कामाचा अपवाद ठेवून. त्याच न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी पालघर, ठाणे आणि मुंबईतली 20,000हून जास्त खारफुटीची झाडं तोडायला परवानगी दिली. बदल्यात दुसरीकडे लागवड. प्रकल्प हवा की नको, यावर भांडत बसा खुशाल. पण झाड मोजता येतं. त्याच्या मुळाशी किती निवट्या, किती चिंबोऱ्या, किती कालवं होती, ते कुणी मोजलं? जर्नलला चिकटवलेलं वाळकं पान याचं उत्तर देत नाही.

तेव्हा एक जागा ठरवा, लोकेशन सेव्ह करा. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद, एवढ्यातच मोजा. तारीख, तिथी, वेळ लिहा. फोटो आयनॅचरलिस्टवर टाका. पुढच्या वर्षीच्या बॅचला तीच जागा आणि तीच तिथी द्या.

बूट जुने, पण नाडीवाले घाला. चपला चिखलात राहतात आणि कालवांच्या कडांनी तळवे कापतात. गावातला माणूस सोबत घ्या, त्याला दिवसाची मजुरी द्या, आणि तो 'चला' म्हणाला की सेल्फी अर्धवट टाकून निघा. पाणी आधी तुमच्या मागच्या नाळीत भरतं, समोर नंतर दिसतं.