विलायतेंत वैद्याची कसोटी

हजारों रोगी तपासलेला भारतीय डॉक्टर विलायतेस जातो, तेव्हां त्याला पुनः विद्यार्थी व्हावें लागतें. १९७५ सालीं ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनें भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, आणि नोंदणीसाठीं बहुतेकांस परीक्षा देणें प्राप्त झालें. आजची ‘प्लॅब’ ही त्याच परीक्षेची वारस होय.

पहिल्या भागांत तीन तासांत १८० प्रश्न असतात. वाचन व सराव यांच्या बळावर त्यांतून निभावतें. खरी कसोटी दुसऱ्या भागाची. मँचेस्टर येथें १६ प्रसंग, प्रत्येकास ८ मिनिटें. समोर बहुधा रोग्याचें सोंग घेतलेला नट. येथें अनुभवी डॉक्टरच अडखळतो. स्वदेशीं दवाखान्याच्या दारांत रांग असते. नाडी पाहावी, गोळ्या द्याव्या, “काळजी करूं नका” म्हणावें आणि पुढच्यास बोलवावें, हा शिरस्ता. येथें मात्र “आपणांस भीति कशाची वाटते?” असें विचारून उत्तर येईपर्यंत थांबावें लागतें. उपचार पत्करणें न पत्करणें रोग्याच्या हातीं आहे, हेंही मानावें लागतें.

म्हणून उमेदवार भाड्याच्या खोलींत आळीपाळीनें रोगी होतात आणि घड्याळ लावून संवादाचा सराव करतात. घरच्यांनीं कर्ज काढलेलें असलें, तर अपयशाची धास्ती दुणावते. परंतु या खटाटोपांत जडलेली ऐकण्याची संवय केवळ गुणांपुरती नव्हे. तो डॉक्टर उद्यां स्वदेशीं परतला, तर रांगेंतल्या एखाद्या म्हातारीस दोन मिनिटें अधिक मिळतील. आणि खरें दुखणें बहुधा त्या दोन मिनिटांतच तिच्या तोंडून बाहेर पडेल.