चराईचा हक्क आणि शेळीची लस
(मेळाव्यातील बोलणे)



जंगलहक्काच्या सभेत शेळ्या-मेंढ्यांचं बोलणं कशाला, असं कुणी विचारील. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क लिहिलेला आहे. पण चरायला जनावरंच उरली नाहीत तर त्या हक्काचं करायचं काय? बियाणं, आजारपण, लग्न, कशालाही अडलं की आपली शेळीच बाजारात जाते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर एक रोग येतो. दवाखान्यात त्याला ब्लू टंग, म्हणजे निळी जीभ म्हणतात. ताप येतो, ओठ-तोंड सुजतं, नाक गळतं, जनावर लंगडतं. एखाद्याची जीभ निळी पडते. मेंढ्या जास्त मरतात. शेळी बहुतेक वेळा वरून धड दिसते, पण विषाणू तिच्या रक्तात असतो. ओल्या शेणा-चिखलात वाढणारी बारीक चिलटं चावून हा रोग पसरवतात. माणसाला तो होत नाही. आपल्या देशात त्याची पहिली नोंद 1964 साली महाराष्ट्रातच झाली.

लस आहे. देशात मारलेल्या विषाणूची लस तयार झाली, ती 1, 2, 10, 16 आणि 23 या पाच प्रकारांवर. पण विषाणूचे प्रकार वीसच्या वर आहेत, आणि एकाची लस दुसऱ्यावर नीट चालत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ नवी लस शोधताहेत. विषाणूचं कवच बनवणारी जनुकं किड्यांच्या पेशींत घालतात. पेशी नुसतं कवच बनवतात. भाताचा फोल दाणा असतो ना, तसं: वरून भात, आत तांदूळ नाही. जनावराचं अंग ते कवच ओळखून लढायला शिकतं, पण त्यातून रोग होऊ शकत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ पॉली रॉय यांनी इंग्लंडात हे काम केलं, आणि प्रयोगात मेंढ्यांना त्याचं संरक्षण मिळालं.

पण कोणत्या प्रकाराचं कवच घ्यायचं, हे आजारी जनावराच्या रक्तावरून ठरतं. आपण मेलेलं जनावर गुपचूप पुरलं, तर आपल्या रानातला प्रकार कुणाच्याच वहीत येणार नाही.

म्हणून ग्रामसभेत ठरवू या:
1. ताप असतानाच दवाखान्याला कळवायचं, रक्ताचा नमुना घ्यायला लावायचा.
2. तपासणीचा निकाल लेखी मागायचा.
3. किती जनावरं आजारी, किती मेली, हे पाड्यावर लिहून ठेवायचं.
4. गोठ्याजवळ शेण-चिखल साचू द्यायचा नाही.

जमिनीच्या दाव्याला आपण एकेक पुरावा गोळा केला. लसीच्या मागणीलाही तसाच पुरावा लागेल, आणि तो आपल्याच गोठ्यात आहे.