सुट्या तुकड्यांचे कुंपण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या मागील बागेस कुंपण कोणत्या प्रकारचे घालावे, हा विषय सध्या मंडळापुढे आहे, व त्यावर आम्ही दोन शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही स्थापत्यविशारद नव्हे; आमचे आयुष्य फळ्यापुढे गेले. परंतु एका कुंपणाने आमच्या घराचे मोठे नुकसान केले आणि दुसऱ्या कुंपणाने त्यातील बरेचसे भरून दिले, म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे असे आम्ही समजतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी आमचे व आमच्या चुलत बंधूंचे आवार एकमेकांस लागून आहे. मध्ये आजोबांच्या वेळचा, चुना-माती न लावता नुसते जांभे दगड एकावर एक रचून केलेला गडगा होता, आणि त्या गडग्यात एक बेडे होते. मुंबई-पुण्यास वाढलेल्या तरुण मंडळींसाठी सांगावयास हवे, की बेडे म्हणजे दोन खांब, त्यांस समोरासमोर पाडलेली भोके, आणि त्या भोकांत सरकविलेले तीन आडवे वासे. ज्यास जावयाचे तो वासे सरकवी, पलीकडे जाई आणि ते पुन्हा लावी. गुरे अडत, माणसे अडत नसत. नोकरीत दोन पैसे गाठीस लागल्यावर आम्हांस हा गडगा गावंढळ वाटू लागला. तो काढून त्या जागी आम्ही सिमेंटची सलग भिंत घालून घेतली. बांधणाऱ्याने तिच्यात पाणी जाण्यास भोके ठेवली नाहीत, आणि आम्हीही ती मागितली नाहीत. आमची बाजू उंच, बंधूंची सखल. 2005 सालच्या जुलैअखेर कोकणात जी अतिवृष्टी झाली, तीत भिंतीमागे पाणी तुंबले, भिजलेल्या मातीचा भार वाढला, आणि एका रात्री ती भिंत बंधूंच्या सुपारीच्या रोपांवर आडवी झाली. नुकसान कोणी भरावयाचे, यावरून शब्दास शब्द लागला. आम्ही रागाने मधल्या उघड्या जागेत काटेरी तार ओढली. पुढे नऊ वर्षे दोन घरांत बोलणे नव्हते. गणपतीच्या दिवसांत त्यांच्या आरतीचा आवाज आमच्या पडवीत येई, आणि आमची नातवंडे इकडे बसल्या जागी टाळ्या वाजवीत.

आमच्या काकू, म्हणजे बंधूंच्या मातोश्री, यांनी हे भांडण कधी मानले नाही. पूर्वी त्या बेड्यातून आमच्या विहिरीवर येत. भिंतीमुळे व पुढे तारेमुळे त्यांस पाखाडी उतरून, रस्त्याने वळसा घालून यावे लागे, तरी त्या येत. 2014 च्या पावसात पाखाडीवरील शेवाळावरून त्यांचा पाय सरकला आणि मनगट मोडले. दवाखान्यात आम्ही आणि बंधू दोघेही समोरासमोर उभे राहिलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "मेल्यांनो, कुंपण घालायचे तर घाला, पण मला उचलून बाजूला ठेवता येईल असे घाला."

ऐंशीच्या घरातील, एका हाताने अधू झालेल्या बाईस उचलता येईल असे कुंपण! विद्यार्थ्यास घालावे असे हे उदाहरण होते. आम्ही आणि बंधू ते सोडविण्यास बसलो, आणि त्यात जे शिकलो ते आज आपणांपुढे ठेवतो.

सुट्या तुकड्यांची कोणतीही रचना करावयाची तर सर्व तुकडे एका मापाचे हवेत, म्हणजे कोणताही तुकडा कोठेही बसतो. ही कल्पना नवी नाही. चोवीस अंगुळांचा एक हात, हे आपल्याकडील जुने माप घर बांधणाऱ्या सुताराच्या अंगात मुरलेले असे. मंगळूर येथे बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला. त्या कौलाची खाच शेजारच्या कौलात बसते, म्हणूनच एक फुटले तर तेवढेच बदलता येते. आणि बागेच्या संबंधात एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. 1851 साली लंडनच्या प्रदर्शनाकरिता काचेचा जो प्रचंड महाल उभारला गेला, त्याची योजना करणारा जोसेफ पॅक्स्टन हा पेशाने माळी होता. त्याने सारा महाल चोवीस फुटांच्या मापावर आखला. प्रदर्शन संपल्यावर तो महाल सोडवून सिडनहॅम येथे नेऊन पुन्हा उभारता आला. पुढे 1936 साली तो आगीत भस्मसात झाला, ही गोष्ट वेगळी.

माप ठरविण्यात आमच्या हातून जी चूक झाली ती सविस्तर सांगतो, कारण वसतिगृहातील मुलेही तीच करतील. आमची हद्द चोवीस मीटर. दोन-दोन मीटरच्या बारा चौकटी, असा हिशेब मांडून आम्ही बारा चौकटी नेमक्या दोन मीटर रुंद बांधल्या. खांब साधारण दहा सेंटिमीटर जाडीचे होते. एक खांब, एक चौकट, असे लावीत गेलो, तो बारावी चौकट हद्द ओलांडून थेट सार्वजनिक रस्त्यावर गेली! बारा वेळा दहा सेंटिमीटर, म्हणजे सव्वा मीटरच्या जवळपास जागा खांबांनी खाल्ली होती, आणि ती आम्ही धरलीच नव्हती. गणिताचा मास्तर हरला हे पाहून बंधू नऊ वर्षांत प्रथमच आमच्यासमोर हसले. त्या हसण्याकरिता आणखी बारा चौकटी वाया गेल्या असत्या तरी आम्हांस दुःख झाले नसते.

विटेकडे पाहिले असते तर ही चूक झाली नसती. भारतीय मानकाची नवी वीट एकोणीस सेंटिमीटर लांब, नऊ रुंद व नऊ उंच असते. तिच्यात सांध्याचा एक सेंटिमीटर मिळविला की वीस, दहा, दहा हे माप पुरे होते. म्हणजे सांधा हा मापाचाच भाग आहे. तद्वत् आम्ही माप खांबाच्या मध्यापासून पुढील खांबाच्या मध्यापर्यंत दोन मीटर धरले. मधली मोकळी जागा एकशे नव्वद सेंटिमीटर राहिली, आणि खांब सारखे जाड नसतात म्हणून चौकट एकशे अठ्ठ्याऐंशीची केली.

दुसरी नित्याची चूक खांबांच्या संख्येत होते. तीस मीटर लांबीस दर दोन मीटरला खांब, तर खांब किती? वर्गात बहुतेक हात "पंधरा" म्हणून वर जात. उत्तर सोळा. मात्र कुंपण चारी बाजूंनी मिटणारे असेल तर चौकटी तितकेच खांब लागतात.

आता चौकटीविषयी. बांबू माणगा जातीचा घ्यावा; तो बिनकाट्याचा व जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षांचा झालेला, पाऊस सरल्यावर तोडलेला असावा. कोवळ्या बांबूत पीठ अधिक, म्हणून त्यास भुंगेरा लवकर लागतो. तोडलेले बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवले की त्यातील बराचसा गोडवा निघून जातो. खाजगी जमिनीतील बांबूस कायद्याने वृक्ष समजले जाई, ती अडचण 2017 च्या दुरुस्तीने दूर झाली आहे. चौकटीस चार दांडे आणि उभ्या कामट्या एवढ्याने भागत नाही. चार महिन्यांत ती कलते. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण एकच होतो, परंतु चार बाजू ठरल्या तरी चौकोन कितीतरी होतात. हे भूमितीत शिकविताना आम्हांस त्याचा उपयोग कधी दिसला नव्हता! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपा दांडा बांधावा, म्हणजे चौकट हलत नाही.

चौकट खांबास खिळ्याने ठोकू नये. खांबास दोन खाचा पाडाव्या, चौकटीस दोन खुंट्या ठेवाव्या, व वरून खाली बसवावी. उचलली की सुटते. आजोबांचे बेडेच हे, थोडे उभे केलेले. खांब एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचा, त्याचा तिसरा हिस्सा जमिनीत, व तेवढ्या भागास डांबर. चौकट जमिनीपासून चार अंगुळे वर असावी, नाही तर वाळवी चढते. जागा उताराची असेल तर चौकट तिरपी न करता पायऱ्यांप्रमाणे एकेक खाली उतरवावी. मात्र दोन मीटर मोजताना फीत उतारावर न टेकता आडवी, पाणसळीत धरावी.

त्या चार अंगुळांतून कोंबड्या शिरतात, ही तक्रार घरातून लगेच आली. तिचे उत्तर वाफ्याच्या कडेने दिले. लाकडी साच्यात सिमेंट, वाळू व खडी एकास दोन, दोनास चार या प्रमाणात घालून आम्ही अर्धा मीटर लांब, वीस सेंटिमीटर उंच व पाच जाड असे तुकडे पाडले आणि ते आठवडाभर ओले ठेवले. प्रत्येकाचे वजन सुमारे बारा किलो भरते. ते हायस्कूलच्या मुलास उचलते. एका टोकास गोल खाच, दुसऱ्यास गोल उठाव, त्यामुळे सांधा गुडघ्याप्रमाणे वळतो. निम्मा तुकडा जमिनीत पुरला की हरळीचे वरून धावणारे कोंब अडतात. खोल गेलेली मुळे अडत नाहीत, ती खणूनच काढावी लागतात. दर चार तुकड्यांमागे दोन बोटांची फट ठेवावी. पाण्यास वाट न ठेवल्याचा परिणाम आम्ही एकदा भोगला आहे. सिमेंट नको असेल त्यांनी जुनी कौले उभी पुरावी. ती फुकट मिळतात आणि शोभतातही.

हाच तुकडा झाडाच्या आळ्यासही चालतो. षट्कोनाची बाजू त्याच्या वर्तुळाच्या त्रिज्येइतकी असते. म्हणून नारळाच्या रोपास एक मीटर त्रिज्येचे आळे करावयाचे तर सहा बाजू, प्रत्येकीस दोन तुकडे, मिळून बारा तुकडे पुरतात. झाड मोठे झाल्यावर दोन मीटरचे आळे लागते; तेव्हा तेच बारा काढून त्यांत आणखी बारा मिळवावे. काही फोडावे लागत नाही, काही टाकावे लागत नाही.

आमच्या हद्दीवरील सातवी चौकट विहिरीच्या वाटेवर येते. काकू ती डाव्या हाताने उचलून आंब्यास टेकवीत. 2021 साली त्या गेल्या. त्या दिवशी अंगणात माणसे मावेनात, तेव्हा बंधूंनी व आम्ही सहावी, सातवी आणि आठवी अशा तीन चौकटी काढल्या व दोन्ही अंगणे एक केली. तेराव्यानंतर सहावी व आठवी परत लावली. सातवी अद्याप आंब्याला टेकूनच आहे, आणि ती लावण्याची गोष्ट दोघांपैकी कोणी काढीत नाही.

वसतिगृहाची बाग तीस मीटर लांब व वीस मीटर रुंद आहे. घेर शंभर मीटर, म्हणजे पन्नास चौकटी व पन्नास खांब. त्यांपैकी फाटकाकरिता एक चौकट निराळी धरावी, आणि फुटतुटीसाठी दोन अधिक बांधून ठेवाव्या. सलग भिंतीचा विचार करणाऱ्या मंडळाच्या सभासदांनी बागेचा उतार कोणत्या बाजूस आहे हे एकदा पावसात जाऊन पाहावे. चौकटीचा एक नमुना आम्ही गावाहून आणून मंडपाच्या मागे उभा केला आहे. भोजनाची पाने मांडीपर्यंत अवकाश आहे. तोपर्यंत ज्येष्ठ भगिनींनी तो प्रथम उचलून पाहावा, आणि जड वाटला तर आम्हांस तसे सांगावे.